सतार नाही, तबला नाही

[दृश्य: काळी तबकडी फिरते आहे. सुई टेकते. बारीक खरखर.]

1969 साल. जाझची तबकडी लंडनची, नाव मात्र हिंदी: 'हम दोनो'. ते दोघे म्हणजे जो हॅरियट आणि आमान्सियो डिसिल्वा. त्यांच्या नावापुढे 'क्वार्टेट', म्हणजे चौघांचा ताफा.

हॅरियट जमैकाचा, किंग्स्टनचा. 1951 साली इंग्लंडला आला. ऑल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, आणि असा वाजवायचा की स्वर कडेला फाटेल असं वाटावं, पण तो फाटायचा नाही. डिसिल्वांचा जन्म 1936चा, मुंबईतला, घराणं गोव्याचं. हातात गिटार.

[दृश्य: गोव्यातलं जुनं चर्च, पावसाळी उजेड. मागे व्हायोलिनचा सराव.]

गोव्याचे वादक आपल्या कानांना नवखे नाहीत. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईला आलेली ही माणसं हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायची आणि दिवसा फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला बसायची. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा... त्यांचं काम आपण जन्मभर ऐकलं, नावं फार उशिरा कळली. डिसिल्वा त्याच मातीतले. फक्त ते लंडनला गेले.

आता थोडं मागे जाऊ. 1966मध्ये हॅरियटने कोलकात्याच्या संगीतकार जॉन मेयर यांच्याबरोबर 'इंडो-जाझ सूट' हा अल्बम केला होता. जाझचे पाच वादक एका बाजूला, भारतीय संगीताचे पाच दुसऱ्या बाजूला. सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर आपले केशव साठे. ते काम धाडसी होतं, मला प्रियही आहे. पण ऐकताना दोन खोल्या जाणवतात. मधलं दार उघडं असतं, तरी भिंत असतेच.

'हम दोनो'मध्ये ती भिंत नाही. मला या तबकडीचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचंच. लंडनमध्ये सतारीचं वेड जोरात होतं त्या काळात इथे सतार नाही, तबला नाही, तानपुरासुद्धा नाही. डेव्ह ग्रीनचा डबल बास, ब्रायन स्प्रिंगचे ड्रम्स. पाहुणे दोन: फ्लुगलहॉर्नवर, म्हणजे ट्रंपेटसारख्या वाद्यावर, इयन कार, आणि गळा नॉर्मा विन्स्टनचा. त्या शब्द गात नाहीत, नुसता आकार लावतात. आपल्याकडे आलापाला सरावलेल्या कानाला त्यात काहीच परकं वाटत नाही.

आणि भारत? तो डिसिल्वांच्या बोटांत आहे. वरून चिकटवलेला नाही.

[संगीत: 'बॅलड फॉर गोवा'ची सुरुवात. आठ-दहा सेकंद निवेदन थांबते.]

याच तबकडीवरची ही रचना, 'बॅलड फॉर गोवा'. गोव्यासाठी. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. हे सूर मात्र ना झेंड्याचे, ना मिरवणुकीचे. दूर राहणाऱ्या माणसाने संध्याकाळी घराची आठवण काढावी, तसे आहेत. आणि त्या आठवणीला साथ कोणाची? जमैकाच्या माणसाची. त्यालाही घर मागे टाकून याच शहरात यावं लागलं होतं. दोघांना एकमेकांचं काय कळलं असेल, ते इथे कानांनी कळतं.

अशा तबकड्या मागे पडल्या. त्या काळात दुकानं रॉकने भरली होती आणि जाझच्या प्रती निघायच्याच थोड्या. पुढे मूळ प्रत संग्राहकांच्या हाती गेली आणि तिची किंमत आपल्या आवाक्याबाहेर. ती किंमत मोजणाऱ्यांना मी दोष देत नाही. मला खंत वेगळी आहे: मुंबईत आणि मडगावात हे नाव कुणी घेतच नाही.

2 जानेवारी 1973ला हॅरियट गेला, चव्वेचाळीस वर्षांचा. दोघांची जोड-तबकडी ही एवढीच. डिसिल्वा त्यानंतर वाजवत राहिले. त्यांच्या एका अल्बमचं नाव 'कोंकण डान्स'. तो तयार होऊनही कित्येक वर्षं पेटीत पडून होता.

[दृश्य: सुई पुन्हा उचलली जाते, त्याच रचनेवर ठेवली जाते.]

गिटार सुरू होतेय. आवाज थोडा वाढवा.