रोड फायटर: चारशेची गाडी आणि आपला टीव्ही

(दादरच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, 'रोड फायटर: आर्केड, एमएसएक्स आणि फॅमिकॉम आवृत्त्यांची तुलना'. कार्यवाहांनी पाऊण तास दिलाय. सातला याच मंचावर भावगीतं आहेत आणि तबलजी आताच येऊन बसलेत, त्यामुळे घड्याळाकडे माझं लक्ष नसलं तरी त्यांचं असणार.

गेम काय आहे हे या सभागृहात सांगायची गरज नाही. वरून दिसणारा रस्ता, पिवळ्या गाड्या सरळ जाणाऱ्या, निळ्या मुद्दाम आडव्या येणाऱ्या, ट्रकला टेकलं की स्फोट, आणि फ्युएलसाठी ती रंगीबेरंगी गाडी. कोनामीनं 1984 साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रासाठी काढला, 1985 मध्ये तो एमएसएक्स कॉम्प्युटरवर आणि निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर, म्हणजे टीव्हीला जोडून घरी खेळायच्या डब्यावर आला. आपल्याकडे आला तो या फॅमिकॉमच्या नकलांमधून. मनीष मार्केटातून आणलेला असो नाहीतर मामानं वाढदिवसाला दिलेला, घरोघरी त्याला 'व्हिडिओ गेम' एवढंच म्हणायचे. जणू जगात एकच होता.

तुलना सुरू करण्याआधी माझी एक तक्रार ऐका. ही तक्रार मी बरीच वर्षं पोसली आहे आणि आज आयतं गिऱ्हाईक मिळालंय. जुन्या गेमची तुलना करणारे लोक रंगांपाशी अडकतात. हिरवा तिकडे जास्त हिरवा, समुद्र इकडे फिका. अरे, पण पडदा सेकंदाला किती वेळा काढला जातो, ते कोण विचारणार?

आमच्या चाळीतली गोष्ट सांगतो. लालबागला राहायचो. पहिल्या माळ्यावरच्या राजाचे काका मर्चंट नेव्हीत. ते एकदा जपानहून अस्सल फॅमिकॉम घेऊन आले. पांढरा-लाल डबा, कंट्रोलर बाजूला खोचलेले, त्यांच्या वायरी डब्यातूनच निघालेल्या. सगळी चाळ बघायला. राजाच्या वडिलांनी मोठ्या थाटात अ‍ॅडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावला. अ‍ॅडॅप्टर 100 व्होल्टचा, कारण जपानात वीज तेवढीच. आपली 230. त्यानं दोन मिनिटांत जीव सोडला आणि खोलीत जो वास पसरला त्यावर राजाच्या आजीनं उदबत्ती लावली. (हशा)

डबा मात्र वाचला. दुसरा अ‍ॅडॅप्टर जोडला, तर टीव्हीवर नुसत्या मुंग्या. फॅमिकॉमला बाहेर यायला अँटेनाचीच वाट, आणि ती जपानच्या चॅनेल एक-दोनवर बांधलेली. नव्वद-शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास. आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ; आपल्या टीव्हीला ते स्टेशन सापडणारच नाही. काका म्हणाले, तिकडे दुकानात तर मस्त चालत होता! राजाची आई म्हणाली, मग तिकडेच ठेवायचा होता.

शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका मेकॅनिकनं डबा उघडला, चित्राला अँटेनाच्या चॅनेलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरच्या अलीकडूनच चित्राची तार काढली आणि डब्याला भोक पाडून बाहेर घेतली. राजाकडे व्हीसीआरच्या निमित्तानं मल्टिसिस्टीम टीव्ही होता, म्हणजे आपल्या पाल पद्धतीबरोबर जपानची एनटीएससीही दाखवणारा. चित्र लागलं. आणि आमचा चाळीतला बादशहा संज्या खेळायला बसला. हा मुलगा धडक न खाता इतका लांब जायचा की कोनामी मॅन उडत येऊन त्याला बोनस देऊन जायचा. संज्यानं ए बटण दाबलं, वेगाचा आकडा 400 वर गेला, आणि पहिल्याच ट्रकमध्ये गाडी घातली. पुन्हा सुरू. पुन्हा ट्रक. कंट्रोलर खाली ठेवून तो म्हणाला, "याचं बटण चिकटतंय." आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं बघितलं. कुणाचंच बटण चिकटत नव्हतं, सगळेच ठोकत होते.

काय झालं होतं? जपानी टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढतो, आपला पाल टीव्ही पन्नास वेळा. त्या काळचे बहुतेक गेम घड्याळ बघत नाहीत, चित्रं मोजतात. एक चित्र झालं की गाडी एवढी पुढे. तोच प्रोग्राम पन्नासवर चालवला की सगळं सहा भागांतल्या पाचवर येतं. आपल्या घरच्या नकलेच्या पडद्यावर लिहिलेलं असायचं 400, पण गाडी पळायची 333 नं. पोलिसांनी पकडलं असतं तर निदान पावती कमी झाली असती.

आणि गंमत म्हणजे फ्युएलही चित्रांवरच मोजलं जातं, म्हणून तेही सावकाश उतरतं. गेमच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नाही. बदलतो फक्त खेळणारा, त्याला विचार करायला एक पंचमांश वेळ जास्त मिळतो. गाडी टेकल्यावर घसरते, तेव्हा उलट दिशेला मारून सावरायचं असतं ना, तिथे हा वेळ कामाला येतो. संज्याची सगळी बादशाही तेवढ्या उधारीवर होती. (त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो तीन दिवस बोलला नाही. आज तो पहिल्या रांगेत बसलाय, अजूनही हसत नाहीये.)

चित्राचंही तसंच. गेम काढलेला 240 ओळींचा. पाल टीव्हीवर दिसायला जागा जवळजवळ 288 ओळींची. उरलेली जागा वर-खाली काळ्या पट्ट्यांना. म्हणजे उंचीही सहा भागांतले पाच! गाड्या बुटक्या, पसरट दिसायच्या. आम्हाला वाटायचं त्या तशाच काढल्यात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. ठीक आहे, फळ्यावरचा विषय आता पळत-पळत.

आर्केडचा पडदा उभा बसवलेला. हाच सगळ्यात मोठा फरक, आणि तो खेळण्यातला आहे. उभ्या पडद्यावर पुढचा रस्ता लांबपर्यंत दिसतो, निळी गाडी कुठल्या बाजूला झुकतेय हे आधी कळतं. घरचा टीव्ही आडवा, पुढचं कमी दिसतं, आणि रस्त्याच्या बाजूला उरलेल्या जागेत स्कोअर, वेग, फ्युएल मांडलेलं. फॅमिकॉमच्या लोकांनी ही जागा चांगली वापरली, पण गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो तो आर्केडवर.

फॅमिकॉमच्या चित्राच्या चिपला रस्ता एकेक ठिपक्यानं सरकवता येतो. म्हणून तो लोण्यासारखा वाहतो. तिची मर्यादा एकच, एका ओळीत आठ स्प्राइट, म्हणजे रस्त्यावर सुटी हलणारी छोटी चित्रं. गर्दी झाली की गाड्या लुकलुकायला लागतात. या आवृत्तीत गेमचे टप्पे मात्र चारच.

एमएसएक्सच्या पहिल्या पिढीकडे सरकवण्याची सोयच नव्हती. रस्ता आठ-आठ ठिपक्यांच्या चौकटींनी पुन्हा मांडायचा, तो सगळा भार प्रोसेसरवर. स्प्राइट एकाच रंगाचा, एका ओळीत चारच. गाडीला दोन रंग हवे तर दोन स्प्राइट एकावर एक, म्हणजे ओळीत दोन गाड्या झाल्या की कोटा संपला. पडदा 192 ओळींचा. एवढ्या अडचणीत त्यांनी गेम उभा केला, याचं मला फॅमिकॉमपेक्षा जास्त कौतुक आहे, पण खेळायला बसायचं तर फॅमिकॉमच.

आवाजाचं राहिलं. थोडक्यात: युरोपच्या पाल यंत्रात प्रोसेसरच मंद, 1.66 मेगाहर्ट्झ, म्हणून तिथे सूरही उतरतो. नकलांचा 1.77, जपानी 1.79 च्या जवळ, म्हणून आपल्याकडे सूर जागेवर, फक्त लय संथ. तबलजींना हे पटेल.

लॅपटॉप इथेच ठेवतोय. एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जुना डबा हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, रीजनच्या जागचे आपल्या कामाचे पर्याय दोन: एनटीएससी आणि डेंडी, म्हणजे रशियात विकलेली फॅमिकॉमची नक्कल. दुसरा पर्याय म्हणजे आपला लालबागचा टीव्ही. आधी तो खेळा, मग पहिला लावा. संज्या, तू पहिला ये.