बटाटा, बँक आणि ३५ टक्के

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात कॉलनीत एका मुंजीला गेलो होतो. पंगत उठली, विडा तोंडात टाकतोय, तेवढ्यात ओळखीचा एक मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "काका, बटाट्याच्या कारखान्याला सरकार १० लाख देतं म्हणे. कधी मिळतात?" मी आयुष्य बँकेत काढलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं कर्ज विभागात. मी विचारलं, "कारखाना कुठे काढलायस?" तर म्हणतो, "पैसे मिळाले की काढीन."

इथेच घोडं पेंड खातं. आज त्याविषयीच बोलणार आहे.

तो ज्या योजनेबद्दल बोलत होता तिचं नाव जरा लांबलचक आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म खाद्य उद्योग उन्नयन योजना. २०२०च्या जूनमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत ती जाहीर झाली. तरतूद १०,००० कोटींची, त्यात ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. आपल्या मध्य प्रदेशात ती उद्यानिकी आणि खाद्य प्रसंस्करण विभागाकडे आहे. पापड-लोणच्याचा घरगुती धंदा असो की छोटी पिठाची गिरणी, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळतं, आणि जास्तीत जास्त १० लाख. लोक नेमका शेवटचा आकडा लक्षात ठेवतात आणि ३५ टक्के विसरतात.

आता हिशोब करू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. समजा, तुमचा प्रकल्प ८ लाखांचा आहे. जागेची किंमत यात धरत नाहीत, हे आधीच सांगतो. ८ लाखांत तुमचे स्वतःचे किमान १० टक्के, म्हणजे ८० हजार. उरलेल्या ७ लाख २० हजारांचं कर्ज बँकेने मंजूर करायला हवं. कर्ज नाही तर अनुदान नाही. अनुदान येतं २ लाख ८० हजार, पण तुमच्या हातात कोणी नोटा मोजून देत नाही. ती रक्कम बँकेत तुमच्या नावाने वेगळ्या खात्यात पडून राहते. त्या रकमेवर बँक तुम्हाला व्याज देत नाही, आणि तुमच्या कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लावतही नाही. कर्जाची शेवटची रक्कम उचलल्यापासून तीन वर्षं गेली, खातं थकलेलं नाही आणि युनिट चालू आहे, असं दिसलं की मगच ते पैसे कर्जखात्यात वळते होतात.

म्हणजे पहिली तीन वर्षं तुम्हाला आपल्या धंद्यावरच तरायचंय. कुणी प्रकल्पाचा रिपोर्ट, म्हणजे खर्च-उत्पन्नाचा आराखडा, घेऊन आला की मी अनुदानाची ओळ पेन्सिलने खोडायचो आणि म्हणायचो, "आता दाखवा, हप्ता कुठून भरणार?" बरेच जण रागवायचे. एक गृहस्थ तर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

या योजनेत 'एक जिल्हा, एक उत्पादन' असा भाग आहे. बुऱ्हाणपूरच्या वाट्याला केळी आली, खरगोनला मिरची, आणि आपल्या इंदूरला बटाटा. कुणी हसेल, त्यात काय, बटाटा तर सगळीकडेच पिकतो! पण माळव्याच्या बटाट्याची गोष्ट थोडी निराळी आहे. काळी जमीन, हिवाळ्यात थंड रात्री आणि कोरडी हवा. या बटाट्यात पाणी कमी, घट्टपणा जास्त, साखरही कमी. तळल्यावर चकती पिवळसर-पांढरी राहते, काळवंडत नाही. वेफर्सवाल्यांना हेच हवं असतं. खरेदीला येणारा माणूस पोत्यातून दोन-चार बटाटे उचलतो, चकत्या पाडतो, कढईत सोडतो आणि रंग बघतो. भाव त्या कढईत ठरतो.

आणि इथेच कोल्ड स्टोरेजवाले फसतात. आपल्याला वाटतं, जितकं थंड तितकं उत्तम. भाजीचा बटाटा २ ते ४ अंशांवर महिनोन्‌महिने राहतो, बियाण्याचाही राहतो. पण तेवढ्या थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. मग तो बटाटा गोडसर लागतो आणि तेलात टाकला की तपकिरी होतो. वेफर्सचा माल १० ते १२ अंशांवर ठेवावा लागतो, आणि त्या तापमानाला कोंब फुटतात, तेव्हा कोंब रोखणारं औषध वापरावं लागतं. म्हणजे एकाच इमारतीत दोन प्रकारचा माल ठेवायचा तर वेगवेगळ्या खोल्या हव्यात, वेगवेगळी यंत्रणा हवी. माझ्या टेबलावर आलेल्या कोल्ड स्टोरेजच्या अनेक रिपोर्टांत तापमानाच्या रकान्यात एकच आकडा असायचा. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याने उतरवलेला, नाव तेवढं बदललेलं. एकदा तर नावही बदलायचं राहून गेलं होतं.

आता आमच्या राजेंद्रनगरातल्या एका वहिनींची गोष्ट सांगतो. त्या बटाट्याचा कीस करतात. उपासाला तळून खातो ना, तोच. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली की इंदुरात मराठी घरांच्या गच्चीवर वाळवणं पडतात: साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचे पापड, कुरडया आणि कीस. वहिनींच्या गच्चीवर एका जुन्या साडीवर पाच-सात किलो बटाट्यांचा कीस पसरलेला असायचा आणि शेजारच्या पोरांना कावळे हाकायला बसवलेलं असायचं. बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. सालं, डोळे, खराब भाग वजा केले तर ५-६ किलो बटाट्यातून जेमतेम किलोभर कीस हाती लागतो. म्हणून घट्ट बटाट्याची किंमत त्यांना आधीपासून कळलेली होती. मंडीत त्या बटाटा हातात घेऊन वजन जोखायच्या, नखाने साल खरवडायच्या, आणि दुकानदार "बहनजी, लेना है कि नहीं?" म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत.

त्यांना सुकवण्याचं यंत्र आणि किसण्याचं यंत्र घ्यायचं होतं. माझ्याकडे कोटेशन घेऊन आल्या, तेव्हा मी सगळे कागद तपासले: उद्यम नोंदणी, खाद्य परवाना, आधीच्या विक्रीच्या वह्या, सिबिल म्हणजे कर्जफेडीची पत. सगळं ठीक. जिल्ह्यात या कामासाठी नेमलेली माणसं असतात, डिस्ट्रिक्ट रिसोर्स पर्सन. सगळे त्यांना डीआरपी म्हणतात. अर्ज भरण्यापासून कर्ज मंजूर होईपर्यंत मदत करणं त्यांचं काम. त्यांचं मानधन सरकार देतं, प्रत्येक केसमागे २० हजार, आणि तेही काम पुरं होत गेलं की टप्प्याटप्प्याने. तेव्हा "तुमची फाइल मी पास करून देतो, इतके टक्के द्या" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि दाराबाहेर सोडा.

पण एक गोष्ट मीही विसरलो होतो. यंत्र आलं, गाडीतून उतरवलं, हार घातला, नारळ फोडला. मेकॅनिक म्हणाला, "थ्री फेज कहाँ है?" घरात सिंगल फेज. मीटर बदलणं, लोड वाढवणं, त्याची अनामत, खांबापासूनची तार, हे सगळं रिपोर्टात नव्हतंच. ते यंत्र अडीच महिने ताडपत्रीखाली झाकून होतं, आणि कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू. वहिनी मला काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गच्ची आहे अजून." आणि त्यांनी ते अडीच महिने पुन्हा साडी पसरून काढले. मला आजही तो रस्ता टाळावासा वाटतो.

तेव्हा अर्ज करण्याआधी वायरमनला बोलवा, मग सीएला.

मोठ्या योजनांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी थोड्यांनाच त्या लागतील. प्रधानमंत्री किसान संपदा योजना २०१७ची. तिच्यात कोल्ड चेनसाठी साधारण भागात ३५ टक्के अनुदान आहे, १० कोटींच्या मर्यादेत. पण त्यात नुसतं एकटं कोल्ड स्टोरेज चालत नाही. माल शेताजवळ थंड करणं, निवडणं, भरणं, रेफ्रिजरेटेड गाडी, असा साखळीचा विचार लागतो. मेगा फूड पार्कही याच योजनेत होते, आपल्या आसपास देवासला आणि खरगोनकडे झाले. नवे पार्क मात्र २०२१च्या एप्रिलपासून घेणं बंद आहे. कृषी पायाभूत सुविधा निधी २०२०चा, १ लाख कोटींचा. तो अनुदानाचा नाही, व्याजाचा दिलासा देतो: २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के, सात वर्षांपर्यंत. शेतकरी गट गोदाम किंवा प्रतवारीचं केंद्र उभारत असेल तर माझ्या मते हा सरळ मार्ग. यात फार कागद रंगवावे लागत नाहीत, आणि सूट हातात येईल म्हणून कुणी स्वप्नं बघत बसत नाही.

एक गोष्ट मात्र मनात खुपते. आपल्या चोइथराम मंडीत सडलेल्या भाजीपाल्यातून गॅस करणारा २० टनांचा प्रकल्प आहे. देवगुराडियाला तर ५५० टनांचा मोठा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी आणि त्यावर शहरातल्या बसेस. स्वच्छतेत इंदूरचं नाव झालं, मलाही अभिमान आहे. पण ते टोमॅटो आणि कोबी बसमध्ये जाण्याआधी कुणाच्या तरी ताटात जायला हवे होते. मंडीच्या गेटाशी दोन तास उभे राहा. पहाटे आलेला माल दहा वाजता कोपऱ्यात ढकललेला दिसेल. सावली नाही, पाणी नाही, क्रेट नाहीत, नुसती पोती. याला प्रक्रिया उद्योग लागत नाही हो, पत्र्याची शेड आणि प्लास्टिकचे क्रेट लागतात.

वितरणाबद्दल माझी तक्रार वेगळी. यंत्रासाठी सगळे धावतात, पॅकेट विकायला कुणी धावत नाही. गटांना ब्रँडिंग आणि विक्रीच्या खर्चात ५० टक्के मदत आहे, बचत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांचं बीजभांडवलही आहे. पण किराणा दुकानदार महिना-दीड महिना उधार मागतो, फाटलेलं पाकीट परत देतो आणि तुमचा कीस मोठ्या कंपनीच्या वेफर्समागे मांडतो. खेळत्या भांडवलाचा आकडा रिपोर्टात मोठा लिहा. या भांडवलावर यंत्रासारखं ३५ टक्के अनुदान नाही, म्हणून लोक तो मुद्दाम छोटा लिहितात. मग पहिल्याच पावसाळ्यात बटाटा घ्यायला पैसे नसतात आणि ड्रायर रिकामा फिरतो.

त्या वहिनींचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. चालवलं त्यांनी. सुरुवातीला कीस, मग पापड, मग साबुदाणा-बटाटा चकली. महाराष्ट्र मंडळात, गणपतीत, श्रावणात सगळा माल संपतो. तीन वर्षं पुरी झाली आणि गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी त्या पासबुक घेऊन आमच्या दारात उभ्या. मी चष्मा लावला. एक ओळ होती, अनुदान जमा, आणि त्याखाली कर्जाची शिल्लक एकदम घसरलेली. मी म्हटलं, "चला, पेढे!" त्या म्हणाल्या, "पेढे नंतर. एक सांगा भाऊजी, मंडीतून पोती आणायला छोटा हाथी टेम्पो घ्यायचाय, त्याला यात बसवता येईल का?"

मी चष्मा काढला आणि म्हणालो, "वहिनी, आधी चहा."

नमस्कार.