देशाला एकच तोंड नसतं

मंडळी, नमस्कार. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी पोस्टातला माणूस नाही. हे सांगायची वेळ का येते तर मागे एकदा याच विषयावर बोलायला एका ठिकाणी बोलावलं होतं, ठिकाण सांगत नाही, माणसं चांगली होती, फक्त पत्रिका छापताना आयपीयूचं यूपीयू झालं. आता यूपीयू म्हणजे जागतिक टपाल संघटना, १८७४ ची, ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये बर्नला. आणि आपलं आयपीयू, म्हणजे आंतर-संसदीय संघ, जगभरातल्या संसदांची संघटना, याचंही पहिलं ऑफिस बर्नलाच होतं, त्यामुळे छापणाऱ्याला मी फार दोष देत नाही. पण मी हॉलमध्ये शिरलो तर पहिल्याच रांगेत एक आजोबा रजिस्टर पत्राची पावती हातात धरून बसलेले. मी पाऊण तास जगातल्या संसदांवर बोललो, त्यांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी हात वर करून म्हणाले, "ते सगळं बरोबर आहे हो, पण माझ्या पत्राचं काय?"

हसा, पण हा प्रश्न सोपा नाही. मोठ्या संस्थेबद्दल कुणी बोलायला लागलं की सगळ्यांच्या मनात हेच असतं. त्या पत्राकडे मी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

तर आज मला जे सांगायचंय ते एका वाक्यात असं: जगात देशांच्या संघटना ढीगभर आहेत, पण तिथे देश एका तोंडाने बोलतो, सरकारच्या. संसदांची संघटना ही अशी एक जागा आहे जिथे देशाला एकापेक्षा जास्त तोंडं असू शकतात, आणि ते नुसतं भाषणापुरतं नाही, चक्क मतमोजणीत. हे कसं ते सांगतोच. पण त्याआधी सुताराची गोष्ट.

विल्यम रँडल क्रेमर. नाव फार कुणाला माहीत नसतं आणि माझा खरा राग तोच आहे. जन्म १८२८, इंग्लंडमध्ये. बाप घर सोडून गेलेला, आईने वाढवलं, लहानपणी गोदीत कामाला, मग सुतारकाम शिकला. शिक्षण जेमतेम, म्हणून फुकटच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा (इथे आलेल्या तरुण मंडळींनी नोंद घ्यावी), आणि अशाच एका व्याख्यानात त्याच्या कानावर पडलं की देशांची भांडणं लढाईने नाही तर लवादाने सोडवता येतील. बस्स. ते डोक्यात जे बसलं ते मरेपर्यंत निघालं नाही. कामगार संघटनेत शिरला, कार्ल मार्क्सवाल्या पहिल्या इंटरनॅशनलचा, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, काही काळ सचिव होता, पुढे त्यांच्याशी बिनसलं, १८८५ ला खासदार झाला. आणि खासदार झाल्यावर पहिलं काम काय केलं तर सह्या गोळा केल्या! २३४ खासदारांच्या सह्या, कागद घेऊन १८८७ ला थेट अमेरिकेत, प्रेसिडेंट क्लीव्हलंडच्या भेटीला, की तुमच्या आमच्यात कायमचा लवादाचा करार करू या. करार काही झाला नाही. पण बातमी पॅरिसला पोचली, तिथे फ्रेडरिक पासी नावाचे अर्थशास्त्रज्ञ खासदार होते, ते म्हणाले हा माणूस आपल्या कामाचा. आणि २९ आणि ३० जून १८८९ ला पॅरिसमध्ये आपल्या या संघाची पहिली परिषद भरली. ९ देश, माणसं शंभराच्या आत, त्यातले निम्म्याहून जास्त फ्रेंच, म्हणजे आंतरराष्ट्रीय परिषद म्हणायची पण यजमानच जास्त.

आता बघा, तेव्हा राष्ट्रसंघ नाही, संयुक्त राष्ट्रं नाहीत, काही नाही. सरकारं एकमेकांशी राजदूतांमार्फत बोलायची, तीही दार लावून. आणि इथे निवडून आलेली माणसं, सरकारला न विचारता, आपापल्या खर्चाने, परक्या खासदारांशी बोलायला बसली. पुढे बर्नचं ऑफिस अल्बर्ट गोबा यांनी १८९२ पासून १७ वर्षं चालवलं, मग नॉर्वेचे ख्रिश्चन लांगे आले, त्यांच्या काळात ऑफिस ब्रुसेल्सला गेलं, १९१४ ला युद्ध पेटलं तशी लांगे यांनी ते ऑस्लोला हलवलं आणि चार वर्षं धुगधुगी टिकवून ठेवली, १९२१ पासून जिनिव्हा. नोबेल शांतता पुरस्काराची यादी काढा: १९०१ पासी, १९०२ गोबा, १९०३ क्रेमर, १९२१ लांगे. क्रेमरला सुमारे ८००० पौंड मिळाले, त्यातले ७००० त्याने आपल्या लवादवाल्या संस्थेला देऊन टाकले. सुतार माणूस, पैशाची ददात काय असते ते माहीत असलेला, आणि सात हजार असे उचलून दिले! मला दर वेळी इथे थोडं थांबावंसं वाटतं.

पण पुतळा उभारायच्या आधी दुसरी बाजूही ऐका. हाच क्रेमर बायकांना मताधिकार देण्याच्या कट्टर विरोधात होता. पार्लमेंटमध्ये उभा राहून विरोध करायचा. जगात शांतता हवी, लवाद हवा, कामगाराला हक्क हवा, पण बाईला मत? नाही म्हणजे नाही. याचा हिशेब त्याच्याच संघटनेने पुढे कसा चुकता केला ते शेवटी सांगतो.

आणि पासी? ते तर त्याच १८८९ सालच्या निवडणुकीत पडले. खासदारांची संघटना काढली आणि काही महिन्यांत स्वतःच माजी खासदार!

(चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतायत. मी रचनेवर अजून आलोच नाहीये, पत्रिकेत विषयच "रचना आणि नेतृत्व" छापलाय. चला, पळतो आता.)

तर रचना. आज १८० च्या वर संसदा सदस्य आहेत. अमेरिकेची काँग्रेस नाही, ती पूर्वी होती, आता नाही, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. वर्षातून दोनदा असेंब्ली भरते, तिथे प्रत्येक संसदेचं शिष्टमंडळ येतं, आणि त्यात विरोधी पक्षाचेही खासदार असणं अपेक्षित असतं. हे महत्त्वाचं आहे, सोडू नका. खरी सत्ता गव्हर्निंग कौन्सिलकडे, प्रत्येक संसदेचे तिथे तीन जण, पण तिघंही पुरुष किंवा तिघीही बायका चालत नाहीत, तसं असेल तर दोनच. कौन्सिल अध्यक्ष निवडतं, महासचिव निवडतं, बजेट ठरवतं. मधल्या काळात कार्यकारिणी गाडा ओढते, तिच्यात १५ जण कौन्सिलने निवडलेले असतात. चार स्थायी समित्या: शांतता आणि सुरक्षा, शाश्वत विकास, लोकशाही आणि मानवी हक्क, आणि संयुक्त राष्ट्रांचं कामकाज. शिवाय सहा प्रादेशिक गट, पदांची वाटणी बरीचशी या गटांमधूनच होते. त्यातल्या एकाचं नाव "ट्वेल्व्ह प्लस", बारा अधिक, सदस्य आता चाळिसाच्या पुढे गेलेत, नाव तेच.

नेतृत्वात दोन खुर्च्या आहेत आणि लोक नेहमी गोंधळ करतात. अध्यक्ष हा खासदार असतो, तीन वर्षांसाठी, लगेच दुसरी टर्म नाही, आणि खासदारकी गेली की खुर्चीही गेली. म्हणजे पासींचं झालं ते आता नियमातच बसवलंय! आपल्याकडचे गुरदयालसिंग धिल्लन १९७३ ते ७६ अध्यक्ष होते, १९९९ ला नजमा हेपतुल्ला निवडून आल्या, या पदावरच्या पहिल्या महिला. २०२० ला कोविडमुळे अध्यक्षाची निवडणूक घरबसल्या ऑनलाइन झाली, पोर्तुगालचे दुआर्ते पाशेको आले, मग २०२३ ला अंगोलात लुआंडामध्ये टांझानियाच्या संसदेच्या तेव्हाच्या स्पीकर टुलिया ॲक्सन. दुसरी खुर्ची महासचिवाची, तो खासदार नसतो, चार वर्षांची टर्म, जिनिव्हात बसून रोजचं काम तोच बघतो. २०१४ ला कॅमेरूनचे मार्टिन चुंगॉंग निवडून आले, युरोपबाहेरचे पहिले, त्याआधी वीसेक वर्षं त्याच सचिवालयात काम केलेले. माझं मत विचाराल तर अध्यक्ष येतात जातात, संस्था महासचिवाच्या कपाटात असते.

पत्र! १९७६ ला या संघटनेने खासदारांच्या मानवी हक्कांसाठी एक समिती नेमली. एखाद्या देशात खासदाराला तुरुंगात टाकलं, गायब केलं, तर त्याच्या घरचे, वकील, पक्षवाले या समितीकडे लिहू शकतात. समितीकडे पोलीस नाही, कोर्ट नाही, ती त्या देशाच्या संसदेला लिहिते, परत लिहिते, उत्तर नाही आलं की पुन्हा लिहिते. वर्षानुवर्षं फाइल बंद करत नाहीत. त्या आजोबांना मी हे सांगायला हवं होतं, त्यांना पटलं असतं.

आता मतं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. प्रत्येक संसदेला किमान १० मतं, वर लोकसंख्येप्रमाणे वाढीव, त्यामुळे सॅन मारिनोला १० आणि भारत, चीनला २३. एका माणसाला १० पेक्षा जास्त मतं टाकता येत नाहीत, म्हणजे २३ टाकायची तर तीन जण तरी हजर हवेत. आणि मतं फोडता येतात! असेंब्लीच्या अजेंड्यावर तातडीचा विषय घ्यायचा असला की दोन तृतीयांश मतं लागतात, त्या मतदानाचा तक्ता कधी तरी उघडून बघा, डावीकडे देशाचं नाव, पुढे तीन रकाने, होकार, नकार, तटस्थ, आणि काही देशांच्या ओळीत दोन रकाने भरलेले दिसतात. एकाच देशाचे सहा एका बाजूला, आठ दुसऱ्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत असं करून दाखवा! तिथे एक देश एक बटण. बरेच देश मतं एकगठ्ठाच टाकतात हे मला माहीत आहे, विरोधकाला घरीच ठेवणारेही आहेत, पण रकाना छापलेला आहे, तो भरायचा की नाही हे खासदारांवर.

(हो, उठतो, एक मिनिट.)

क्रेमरचा हिशेब राहिला. सलग तीन अधिवेशनांना ज्या संसदेचं शिष्टमंडळ नुसतं पुरुषांचं किंवा नुसतं बायकांचं आलं, तिची किमान मतं दहावरून आठवर येतात. क्रेमर १८८९ ला पॅरिसला जे शिष्टमंडळ घेऊन गेला ते सगळं पुरुषांचं. तसंच तीनदा आला असता तर आज त्याने सुरू केलेल्या सभेत त्याच्याच देशाची दोन मतं कापली गेली असती.