सी. डिफिसिलचं कल्चर: जंतू वाढला, म्हणजे निदान झालं का?

नमस्कार.

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाला न्यूमोनियासाठी किंवा ऑपरेशननंतर अँटिबायोटिक्स दिली जातात. मूळ आजार आटोक्यात येतो आणि काही दिवसांनी जुलाब सुरू होतात. पोटात कळा येतात, ताप येतो, तपासात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. अशा वेळी डॉक्टरांच्या मनात एक नाव हमखास येतं: क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. लॅबमध्ये सगळे त्याला सी. डिफ म्हणतात. शौचाच्या नमुन्यातून हा जंतू लॅबमध्ये वाढवतात कसा (यालाच कल्चर म्हणतात), आणि तो वाढला तरी लगेच त्याच्यावर आरोप का ठेवायचा नाही, हे आज सांगणार आहे.

१९३५ साली हॉल आणि ओ'टूल यांनी हा जंतू पहिल्यांदा वेगळा केला, तोही नवजात बाळांच्या शौचातून. बाळं ठणठणीत होती! त्यामुळे पुढची चाळीसेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९७८ मध्ये मात्र स्पष्ट झालं, की अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या स्यूडोमेम्ब्रेनस कोलायटिसमागे (मोठ्या आतड्याची सूज, ज्यात आतून पडद्यासारखा थर साचतो) हाच जंतू आणि त्याचं विष आहे. निरोगी बाळांची ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे ती लागणार आहे.

आता प्लेटकडे येऊ. (स्क्रीनवर: अगार प्लेटचा फोटो)

एक ग्रॅम शौचात अब्जावधी जंतू असतात. साध्या ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवण्यासाठीच्या रक्त घातलेल्या जेलीसारख्या माध्यमावर, नमुना लावला तर इतरांच्या गर्दीत सी. डिफ सापडणारच नाही. यावर १९७९ मध्ये जॉर्ज, फाइनगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक माध्यम तयार केलं, सीसीएफए (सायक्लोसेरिन, सेफॉक्सिटिन, फ्रुक्टोज, अगार यांची आद्याक्षरं). त्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅम सायक्लोसेरिन आणि १६ मिलिग्रॅम सेफॉक्सिटिन ही दोन अँटिबायोटिक्स असतात. सायक्लोसेरिन ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना रोखतं, सेफॉक्सिटिन इतर बऱ्याच जणांना, आणि सी. डिफ दोन्ही पचवून वाढतो. साखर म्हणून फ्रुक्टोज घातलेलं असतं. अंड्याचा बलक असतो तो दुसऱ्या क्लॉस्ट्रिडिया, म्हणजे सी. डिफच्या नात्यातले जंतू, ओळखता याव्यात म्हणून: त्यांच्यातल्या काहींच्या कॉलनीभोवती (कॉलनी म्हणजे प्लेटवर दिसणारा जंतूंचा ठिपका) बलक गढूळ होतो, सी. डिफच्या भोवती होत नाही. मला या माध्यमाचं फार कौतुक वाटतं. ज्या गुणामुळे हा जंतू वॉर्डात डोकं वर काढतो, म्हणजे अँटिबायोटिक्समध्ये इतर मरत असताना टिकून राहणं, त्याच गुणाचा वापर करून त्याला पकडलंय.

दुसरी युक्ती बीजाणूंची, म्हणजे स्पोअर्सची. परिस्थिती प्रतिकूल झाली की सी. डिफ जाड कवचाचे बीजाणू तयार करतो. म्हणून नमुन्यात तेवढ्याच प्रमाणात अल्कोहोल मिसळून तो अर्धा ते एक तास ठेवतात. बाकीचे बहुतेक जंतू मरतात, बीजाणू शाबूत राहतात. पेरणीआधीच शेतातलं तण काढून टाकावं, तसं हे आहे. काही लॅब अल्कोहोलऐवजी ८० अंश सेल्सिअसची उष्णता वापरतात. आणि इथेच वॉर्डासाठी एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे: जो बीजाणू टेस्ट ट्यूबमधल्या अल्कोहोलला दाद देत नाही, तो हातावरच्या सॅनिटायझरलाही देत नाही. सी. डिफच्या रुग्णाला हात लावताना हातमोजे घाला आणि नंतर साबण-पाण्याने हात धुवा. कृपया हे हलक्यात घेऊ नका.

पण झोपलेला बीजाणू कॉलनी करत नाही, त्याला जागं करावं लागतं. आतड्यात हे काम पित्तातले क्षार करतात. म्हणून प्लेटमध्येही पित्तातलंच सोडियम टॉरोकोलेट, साधारण ०.१ टक्का, घालतात. त्याशिवाय बीजाणूंमधून मिळणारी वाढ खूपच कमी होते.

हवेचं काय? वाढणारा सी. डिफ ऑक्सिजन सहन करत नाही. म्हणून प्लेटासुद्धा वापरण्याआधी काही तास ऑक्सिजनविरहित चेंबरमध्ये ठेवतात, म्हणजे अगारमध्ये मुरलेला ऑक्सिजन निघून जातो. मग ३७ अंशांवर ४८ तास. चेंबर नसेल तर ऑक्सिजन काढून टाकणारा गॅस पॅक घातलेला बंद जार चालतो, पण उत्सुकतेपोटी तो मध्येच उघडायचा नाही.

दोन दिवसांनी सपाट, पिवळसर, कडा वेड्यावाकड्या आणि पृष्ठभाग घासलेल्या काचेसारखा, अशा कॉलनी दिसतात. घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो, तो पॅरा-क्रेसॉल या रसायनाचा. वास आपोआप येतोच. प्लेट नाकाशी नेऊन हुंगू नका. ओळख हल्ली माल्डी-टॉफवर, म्हणजे जंतूतल्या प्रथिनांवरून त्याला ओळखणाऱ्या यंत्रावर, काही मिनिटांत पक्की होते.

तर जंतू सापडला. निदान झालं? नाही.

सी. डिफच्या काही जाती विष बनवतच नाहीत, आणि अशा जाती हा आजार करत नाहीत. म्हणून कॉलनी घेऊन ती टॉक्सिन ए आणि बी ही विषं बनवते का, हे वेगळं तपासावं लागतं. याला टॉक्सिजेनिक कल्चर म्हणतात. पण तेही पॉझिटिव्ह आलं, तरी इतकंच कळतं की या जंतूला विष बनवता येतं. रुग्णाच्या आतड्यात या घडीला विष आहे का, हा प्रश्न उरतोच. ती बाळं आठवा: विष बनवू शकणारी जात पोटात बाळगूनही माणूस निरोगी असू शकतो, आणि रुग्णालयातल्या मोठ्या माणसांतही असे वाहक असतात.

विष थेट शोधायचं तर शौच गाळून तो द्रव जिवंत पेशींवर घालतात. टॉक्सिन असेल तर एक-दोन दिवसांत पेशी गोल होतात. दुसऱ्या नळीत प्रतिविष घातलेलं असतं. तिथे पेशी शाबूत राहिल्या, तर हे काम सी. डिफच्याच विषाचं. टॉक्सिन खोलीच्या तापमानाला लवकर नष्ट होतं, त्यामुळे नमुना टेबलावर पडून राहिला तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. लगेच पाठवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

टॉक्सिजेनिक कल्चरला कित्येक दिवस लागतात. रुग्ण तेवढा थांबू शकत नाही. म्हणून रोजच्या निदानासाठी जीडीएच (जंतूचं एक एन्झाइम शोधणारी चाचणी), टॉक्सिन एलायझा (विष शोधणारी चाचणी) आणि पीसीआर (विषाचं जनुक शोधणारी चाचणी) यांची सांगड घालतात, आणि ते योग्यच आहे. तरी कल्चर बंद करणं मला धोक्याचं वाटतं. पीसीआर तुम्हाला जनुक दाखवतो, जिवंत जंतू हातात देत नाही. एका वॉर्डातल्या पाच रुग्णांना एकाच जातीची लागण झाली की पाच वेगवेगळ्या, कोणतं औषध अजून चालतं, हे पाहायला जंतू हाती लागतो. २००० नंतरच्या दशकात कॅनडाच्या क्वेबेकमध्ये पसरलेला रायबोटाइप ०२७, म्हणजे सी. डिफचा एक विशिष्ट प्रकार, ओळखता आला, तो असे जंतू वाढवून त्यांची तुलना केल्यामुळेच.

शेवटी नमुना पाठवणाऱ्यांसाठी. डब्याचा आकार घेईल असं पातळ शौचच पाठवा; घट्ट शौच लॅबने परत पाठवलं तर ते बरोबरच आहे. अपवाद एकच, आतड्याची हालचाल थांबलेला रुग्ण. आणि उपचारांनी जुलाब थांबले की 'आता निगेटिव्ह आलंय का बघू' म्हणून पुन्हा तपासणी करू नका. बरा झालेला माणूसही कित्येक आठवडे बीजाणू बाहेर टाकत राहू शकतो, आणि त्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून त्याला पुन्हा औषध सुरू करण्याचं काहीच कारण नसतं.