एकाच सीझनची चॅम्पियन्स लीग

नमस्कार मंडळी. हॉकी म्हटलं की आपल्याला काय आठवतं, तर ध्यानचंद, नाहीतर खडकीचा धनराज पिल्ले, बरोबर ना? आज मात्र जी हॉकी सांगणारे ती बर्फावरची आहे, आणि त्यातली पण अशी एक स्पर्धा जी एकच सीझन चालली, गाजली, आणि दुसऱ्या सीझनच्या आधीच गुंडाळली. २००८-०९ ची चॅम्पियन्स हॉकी लीग. युरोपातल्या क्लब्सची.

आधी खेळ कसा ते पटकन सांगते, कारण तो माहीत नसेल तर पुढची मजा कळणार नाही. रिंक म्हणजे युरोपात साधारण ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद. प्रत्येक टीमचे पाच जण स्केट्सवर आणि एक गोलकीपर. बॉल नसतो, काळ्या कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. २० मिनिटांचे तीन पिरियड. प्लेअर सतत बदलतात, अंपायरला विचारायची पण गरज नाही, भिंतीवरून उडी मारून आत यायचं, पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचं आणि परत बाकावर. आणि फाउल केलात तर दोन मिनिटं तुरुंगात बसल्यासारखं वेगळ्या बाकावर बसायचं, तोवर तुमची टीम एक माणूस कमी घेऊन खेळणार, आणि समोरच्यांना गोल करायची चांगली संधी मिळते ती ह्याच दोन मिनिटांत.

तर २००८ साल. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी फेडरेशनला त्या वर्षी शंभर वर्षं झाली होती, १९०८ ची स्थापना. युरोपातल्या क्लब्सची स्पर्धा तशी नवी नव्हती, १९६५-६६ पासून युरोपियन कप होता, पण त्यात काय व्हायचं तर मॉस्कोचा सीएसकेए, म्हणजे सोव्हिएत आर्मीचा क्लब, येणार आणि जिंकून जाणार. एकूण २० वेळा जिंकले ते! मग कोण बघणार सांगा. त्यानंतर अजून दोन-तीन प्रकार करून बघितले, काही जमलं नाही नीट. म्हणून फेडरेशनने ठरवलं की फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगसारखं करायचं, झगमगाट, टीव्ही, बुधवारच्या मॅचेस, आणि मुख्य म्हणजे पैसा. बक्षिसांची एकूण रक्कम तब्बल १ कोटी युरो ठेवली.

बारा टीम्स. रशिया, चेक, स्वीडन आणि फिनलंडच्या प्रत्येकी दोन, स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड आणि जर्मनीची एकेक, आणि बारावी जागा क्वालिफाइंग खेळून स्वित्झर्लंडच्याच बर्नने पटकावली. तिघा-तिघांचे चार ग्रुप, प्रत्येकाशी एकदा घरी एकदा बाहेर, आणि ग्रुपमधला फक्त पहिला सेमी फायनलला. म्हणजे चार मॅचेसमध्ये सगळा हिशोब, एखादी मॅच घसरली की संपलंच. माझ्या मते हे फारच कडक होतं, बर्लिन आणि प्रागसारख्या शहरांतल्या टीम्स नाताळच्या आधीच घरी, तिथल्या प्रेक्षकांनी मग जानेवारीत कशासाठी टीव्ही लावायचा?

बरं, सेमी फायनलला कोण आलं? दोन रशियन टीम्स, उफाची सालावत युलायेव आणि मॅग्निटोगोर्स्कची मेटालुर्ग. फिनलंडची एस्पो ब्लूज. आणि चौथी झुरिकची झेडएससी लायन्स. ह्या सालावत युलायेवचं मला फार कौतुक वाटतं हं, कारण हा क्लब कुठल्या कारखान्याच्या किंवा जनावराच्या नावाचा नाही, सालावत युलायेव हा अठराव्या शतकातला बाश्कीर लोकांचा कवी, आणि झारशाहीविरुद्ध पुगाचोव्हच्या बंडात लढलेला बंडखोर. कवीच्या नावाने हॉकी टीम! आपल्याकडे कुणी काढेल का? असो.

मॅग्निटोगोर्स्क हे मात्र पक्कं कारखान्याचं गाव. १९२९ नंतर स्टालिनच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत लोखंडाच्या डोंगराशेजारी पोलादाचा प्रचंड कारखाना उभा केला, आणि त्याच्याभोवती शहर. उरल नदी मधून वाहते, एका काठाला युरोप म्हणतात, दुसऱ्याला आशिया. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे असायचं, बघा किती पूर्वेला आहे ते. ह्याच क्लबने जानेवारी २००८ मध्ये आधीची युरोपियन चॅम्पियन्स कप जिंकली होती, आणि मग १ ऑक्टोबरला बर्नमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सशी, म्हणजे अमेरिकेतल्या एनएचएलच्या टीमशी, व्हिक्टोरिया कपची मॅच खेळले. ३-० पुढे होते हो! आणि ४-३ हरले, शेवटचा गोल मॅच संपायला २० सेकंद असताना रायन कॅलहॅनने मारला. हे गाव सहज हार मानणाऱ्यातलं नाही, पण त्या रात्री काय झोप लागली असेल कुणाला.

म्हणजे फायनलला मेटालुर्ग आली तेव्हा सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की कप रशियाला जाणार. रशियाची केएचएल लीग त्याच सप्टेंबरमध्ये नव्याने सुरू झालेली, क्लब्सकडे पैसा भरपूर, आणि समोर कोण तर स्विस. स्विस हॉकीला तेव्हा युरोपात लोक जरा हलक्यातच घ्यायचे. झेडएससी २००८ चे स्विस चॅम्पियन होते खरे, पण कोच नवीन, शॉन सिम्प्सन, आणि गोलकीपर फिनलंडचा आरी सुलांडर, त्याच जानेवारीत चाळीस पूर्ण केलेला. चाळीस! लोक गुडघ्याचे पट्टे घ्यायला लागतात त्या वयात.

२१ जानेवारी २००९, पहिली मॅच मॅग्निटोगोर्स्कला. २-२. आता दोन मॅचेसचा एकूण स्कोअर धरायचा होता, म्हणजे सगळं झुरिकच्या मॅचवर आलं. आणि इथे गंमत आहे. झेडएससीचं घर म्हणजे झुरिकचं हालेनस्टाडियोन, अकरा हजारांच्या वर माणसं बसतात. पण ते २८ जानेवारीला रिकामंच नव्हतं! युरोपची फायनल, क्लबच्या इतिहासातली सगळ्यात मोठी मॅच, आणि स्वतःच्याच गावात स्वतःचा हॉल मिळेना. ऐन लग्नात हॉल दुसऱ्यांनी बुक केलेला निघावा तसं. मग काय, झुरिकच्या तळ्याच्या दुसऱ्या टोकाला रापर्सविल-योना म्हणून छोटं गाव आहे, किल्ला आहे, गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे, ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता येतं, तिथल्या रिंकवर फायनल ठेवली. सहा हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं ते.

मला विचाराल तर ते बरंच झालं. मोठ्या हॉलमध्ये वरचे बाकडे रिकामे दिसले असते कदाचित, इथे छोट्या जागेत सगळे दाटीवाटीने, आणि बर्फावर झेडएससीने रशियन टीमला अक्षरशः धुतलं. ५-०. मेटालुर्गला एक गोल करू दिला नाही. एका वर्षात ह्या टीमच्या हातातून असा दुसरा मोठा सामना गेला, तोही स्वित्झर्लंडमध्येच, बर्न काय आणि रापर्सविल काय.

आणि आता अजून ऐका. युरोपचा चॅम्पियन झालेली ही टीम दीड-दोन महिन्यांत स्विस लीगच्या प्लेऑफमध्ये क्वार्टर फायनललाच बाहेर पडली. त्या वर्षी स्विस चॅम्पियन झाला दावोस. पुढे २००९ च्या सप्टेंबरात शिकागो ब्लॅकहॉक्स, ही पण एनएचएलचीच टीम, स्वित्झर्लंडला आले, त्यांनी आधी दावोसला ९-२ असं चेचलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला, झेडएससीकडून २-१ हरले. ह्या वेळी हालेनस्टाडियोन मिळालं होतं बरं का! हीच शिकागोची टीम पुढच्या जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकली, म्हणजे ती काही पाप्याचं पितर नव्हती.

पण तोवर चॅम्पियन्स हॉकी लीगचा कारभार आटोपला होता. २००८ चा शरद ऋतू आठवा, लेमन ब्रदर्स बुडाली, सगळीकडे मंदी. दुसऱ्या सीझनसाठी प्रायोजकांकडून जो पैसा यायचा होता तो आलाच नाही, आणि २००९ च्या उन्हाळ्यात फेडरेशनने सीझन रद्द केल्याचं जाहीर केलं. मंदी आलीच होती, ते खरं, पण माझं म्हणणं असं की दोष फक्त मंदीवर ढकलू नये. सगळी स्पर्धा वरून आलेल्या पैशावर उभी होती, क्लब्स नुसते पाहुणे. पाहुण्याला घर बुडतंय ह्याचं काय पडलंय?

आपल्याला हे काही परकं नाही. क्रिकेटची चॅम्पियन्स लीग टी-ट्वेंटी पण डिसेंबर २००८ मध्येच पहिल्यांदा व्हायची होती, मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला आणि ती रद्द करावी लागली. २००९ मध्ये सुरू झाली, आपली मुंबई इंडियन्स २०११ आणि २०१३ ला जिंकली, आणि तरी २०१५ मध्ये बंद पडली, बघायला माणसं येईनात. आयपीएलला जीव टाकणारे आपणच, पण न्यू साउथ वेल्स विरुद्ध त्रिनिदाद म्हटलं की चॅनल बदलणारे पण आपणच.

हॉकीवाले मात्र परत उठले. २०१४ मध्ये त्याच नावाची नवी लीग आली, पण ह्या वेळी मालकीच क्लब्सची. २६ क्लब्सनी मिळून काढली, ६३ टक्के हिस्सा त्यांचा, २५ टक्के देशोदेशींच्या लीग्सचा, आणि फेडरेशनकडे फक्त १२. पहिल्या सीझनला ४४ टीम्स होत्या, जरा जास्तच झाल्या, फायनलला स्वीडनच्या दोन टीम्स आल्या आणि लुलेओने फ्रोलुंडाला ४-२ हरवलं. त्यानंतर २०२० पर्यंत फ्रोलुंडाने चार वेळा जिंकून दाखवलं. रशियन क्लब्स ह्यात नाहीतच, त्यांची केएचएल वेगळी चालते.

आणि झेडएससी? १८ फेब्रुवारी २०२५ ला त्यांनी फायनलमध्ये स्वीडनच्या फार्येस्तादला २-१ ने हरवलं, म्हणजे जुनी लीग पण त्यांची आणि नवी पण. हे कुठे झालं सांगू? झुरिकमध्येच, २०२२ मध्ये उघडलेल्या त्यांच्या स्वतःच्या नव्या रिंकवर, जिथे हॉकीची तारीख दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच येत नाही.

बघायचंच असेल तर ऑगस्टच्या शेवटी-शेवटी नवा सीझन सुरू होतो, आता २४ टीम्स असतात, प्रत्येकीला सहा वेगवेगळ्या टीम्सशी सहा मॅचेस, आणि वरच्या सोळा पुढे. हिवाळ्यात स्वित्झर्लंडची संध्याकाळची मॅच आपल्याकडे मध्यरात्रीला लागते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर हायलाइट्स बघा सरळ.