पिंपातून उभे राहिलेले खांब

माद्रिदच्या पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवर मेखोरादा देल कांपो नावाचे गाव आहे. गावातल्या साध्या घरांच्या छपरांवरून नजर वर गेली की एका ख्रिस्तमंदिराचा घुमट दिसतो. जमिनीपासून जवळपास ४० मीटर उंच गेलेला हा घुमट, त्याच्या आजूबाजूचे मनोरे, खालच्या कमानी आणि त्याहून खाली खणलेले तळघर हे सारे ज्यांच्या हातून उभे राहिले, ते खुस्तो गायेगो मार्तिनेस शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते. स्थापत्याचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, कोणा गवंड्याच्या हाताखाली उमेदवारीही केली नव्हती, आणि पाया खणायला घेतला तेव्हा त्यांच्याजवळ रीतसर काढलेला नकाशा नव्हता.

या खांबांकडे नीट पाहावे. दुरून ते एखाद्या जुन्या ख्रिस्तमंदिरातल्या घडीव दगडी खांबांसारखे भासतात, परंतु त्यांचे साचे म्हणजे पेट्रोलची रिकामी पिंपे होती. सळया उभ्या करायच्या, पिंप बसवायचे, त्यात काँक्रीट ओतायचे आणि ते आळून घट्ट होईपर्यंत थांबायचे, या क्रमाने एकेक खांब वर चढत गेला. भिंतींच्या विटाही अशाच टाकाऊतल्या आहेत. आसपासच्या कारखान्यांतून वाकड्या निघालेल्या किंवा कडा तुटलेल्या ज्या विटांना गिऱ्हाईक मिळत नसे, त्या खुस्तो घेऊन येत आणि प्रत्येक विटेचा कल पाहून तिच्यासाठी जागा शोधत. सरळ विटेला एका मापाचा मसाला पुरतो. वाकड्या विटेला मात्र कोठे जाड आणि कोठे पातळ थर द्यावा लागतो, आणि तो हातानेच चाचपावा लागतो. या भिंतीतले कमी-जास्त जाडीचे सांधे पाहताना कामातला ढिसाळपणा जाणवत नाही, उलट एका माणसाने किती वेळा हात थांबवून विचार केला असेल, ते दिसते.

हे सायकलचे चाक कप्पी म्हणून वापरले गेले आहे. टायर काढलेल्या चाकाच्या खोबणीत दोर बसतो आणि घमेले वर जाते, एवढीच त्यामागची युक्ती आहे. खिडक्यांतल्या रंगीत काचा कोणत्याही कारागिराच्या भट्टीतून आलेल्या नाहीत. रंगीत काच फोडून, तिचे तुकडे चिकटवून खुस्तोंनी त्या स्वतः तयार केल्या. खाद्यपदार्थांचे डबे, प्लास्टिकच्या बादल्या, तारा, कोणी आणून दिलेले उरलेसुरले बांधकामसाहित्य, यांतले काहीही त्यांनी वाया जाऊ दिले नाही.

या सगळ्याचे मूळ एका नवसात आहे. खुस्तोंचा जन्म १९२५ सालचा. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि त्यांचे शाळेतले शिक्षण तुटले. पुढे तारुण्यात ते सोरिया प्रांतातल्या सांता मारिया दे वेर्ता या मठात दाखल झाले आणि कित्येक वर्षे तेथल्या कडक व्रतस्थ जीवनात रमले. तेथेच त्यांना क्षयाने गाठले. हा रोग संसर्गाचा असल्यामुळे मठ सोडणे भाग पडले, आणि ज्या माणसाने सारे आयुष्य परमेश्वराला वाहायचे ठरवले होते, त्याला आजारी शरीराने घरी परतावे लागले. आपण बरे झालो तर पिलारच्या मारिया मातेच्या नावाने मंदिर बांधू, असा संकल्प त्यांनी त्या दिवसांत केला. स्पॅनिश भाषेत पिलार म्हणजे खांब. सारागोसा येथे एका खांबावर उभ्या राहून मारिया मातेने प्रेषित याकोबाला दर्शन दिले, अशी तेथल्या ख्रिस्ती भाविकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. त्या मातेचा सण १२ ऑक्टोबरला येतो. १९६१ सालच्या त्याच दिवशी, वयाच्या ३६व्या वर्षी, खुस्तोंनी वारशाने आलेल्या शेतजमिनीवर कामाला सुरुवात केली.

पैसा उभा करण्यासाठी त्यांनी आपली इतर जमीन विकली आणि पुढे देणगीदारांच्या मदतीवर काम चालवले. ख्रिस्तमंदिरांवरची आणि किल्ल्यांवरची जुनी पुस्तके वाचून ते शिकत राहिले. इमारतीचा आराखडा त्यांच्या मनातच होता आणि काम जसजसे वर जाई तसतसा तो बदलत असे. पहाट होण्याआधी उठायचे, दिवसभर बांधकाम करायचे आणि रविवारी थापीला हात न लावता मिस्साला, म्हणजे ख्रिस्ती उपासनेला, जायचे, हा त्यांचा नेम होता. गावातले काही लोक त्यांना वेडा म्हणत. घुमटाचा लोखंडी सांगाडा वर चढवण्याची वेळ आली तेव्हा त्यांचे पुतणे-भाचे मदतीला आले, आणि पुढे आंखेल लोपेस या सहकाऱ्याने अनेक वर्षे त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केले. तरीही ज्या दिवशी कोणी येत नसे, त्या दिवशीही काम बंद राहत नसे.

ही वास्तू ज्या रस्त्यावर आहे, त्याला वास्तुविशारद आंतोनी गाउदी यांचे नाव आहे. बार्सिलोनातले त्यांचे सग्रादा फामिलिया हे ख्रिस्तमंदिर १८८२ पासून बांधले जात आहे आणि त्याच्यामागे वास्तुविशारदांच्या पिढ्या उभ्या आहेत. येथे एकाच आयुष्यात जेवढे बसेल तेवढेच झाले आहे, आणि आम्हाला ते थोडे वाटत नाही.

खुस्तोंच्या या वास्तूला लोक कॅथेड्रल म्हणतात. कॅथेड्रल हा शब्द बिशपांच्या आसनावरून आलेला आहे आणि तसे आसन येथे नाही. बांधकामाला रीतसर परवानगी नव्हती, त्याला धर्मप्रांताचे पाठबळही नव्हते, आणि खुस्तोंच्या हयातीत या वास्तूचा अभिषेक झाला नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि इमारतीत येणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्नही रास्त आहे. परंतु एका आजारातून उठलेल्या माणसाने दिलेला शब्द पाळण्यासाठी जेथे ६० वर्षे विटेवर वीट ठेवली, त्या जागेला प्रार्थनामंदिर म्हणताना आमची जीभ अडखळत नाही. पर्यटक येथे नवल पाहायला येतात, हे खरे आहे. त्यांनी घुमटाकडे मान वर करण्याआधी भिंतीजवळ जाऊन एका वाकड्या विटेवर हात ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.

२००५ मध्ये एका शीतपेयाच्या जाहिरातीतून खुस्तो स्पेनभर माहीत झाले, आणि त्यानंतर भेटी देणाऱ्यांची आणि देणगीदारांची संख्या वाढली. २०२१ साली त्यांनी ही वास्तू फादर आंखेल गार्सिया यांच्या मेन्साखेरोस दे ला पास, म्हणजे शांतीचे दूत, या सेवाभावी संस्थेच्या हवाली केली आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला वयाच्या ९६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इमारत तेव्हाही अपूर्णच होती.

आता आपण पुन्हा आत आलो आहोत. वर घुमट आहे, खाली खुस्तोंनी खणलेले तळघर आहे, आणि मधल्या या उंच भिंतींवर जेथे गिलावा नाही, तेथे विटांच्या रांगा उघड्या दिसत आहेत. खिडकीच्या काचतुकड्यांतून आलेला लाल आणि निळा उजेड त्या विटांवर पडला आहे.