ऑर्डर मूत्रपिंडाची, काम हाडांचं

नमस्कार मंडळी. मी बोलायला उभा राहण्याआधीच चिठ्ठ्या आल्यात आणि बहुतेक चिठ्ठ्यांत एकच प्रश्न आहे: रक्त वाढवायला काय खावं? एकीनं तर उत्तरही लिहून दिलंय, बीट आणि डाळिंब. बीट जरूर खा, पण त्याचा लाल रंग रक्तात उतरतो या आशेनं नको. त्या दोन रंगांचं एकमेकांशी काही नातं नाही. मला विचाराल, तर 'काय खावं' याच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. रक्त बनवा, असं शरीरात सांगतं कोण?

सांगतात मूत्रपिंडं. हे कळायला बराच काळ गेला. १८९० च्या सुमारास व्हियो नावाचे एक फ्रेंच डॉक्टर पेरू देशात, अँडीज पर्वतातल्या मोरोकोचाला गेले. उंची साडेचार हजार मीटरच्या आसपास. जाण्याआधी त्यांच्या एका घन मिलिमीटर रक्तात ५० लाख तांबड्या पेशी होत्या. तीनेक आठवड्यांत त्या ७० लाखांवर गेल्या. हवा विरळ झाली आणि पेशी वाढल्या, एवढं दिसलं. पण तांबड्या पेशी बनतात हाडांच्या आत. हवेची बातमी तिथपर्यंत पोचवली कुणी? १९५७ साली शिकागोत जेकबसन यांच्या चमूनं उंदरांचे एकेक अवयव काढून पाहिले. बाकीचे काढले तरी निरोप जातच होता. मूत्रपिंडं काढली, आणि निरोप बंद.

त्या निरोपाचं नाव एरिथ्रोपोएटिन. तो हाती कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. ज्यांची अस्थिमज्जाच, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा मगजच, काम करत नाही अशा रुग्णांची मूत्रपिंडं ऑर्डरवर ऑर्डर सोडत राहतात, आणि ती थोडीफार लघवीत उतरते. जपानमधल्या कुमामोतोचे मियाके यांनी अशा रुग्णांची तब्बल २५५० लिटर लघवी जमवली, त्यातला अर्क शिकागोला गोल्डवॉसर यांच्याकडे नेला, आणि १९७७ साली दोघांनी मिळून त्यातून शुद्ध एरिथ्रोपोएटिन वेगळं केलं. किती? काही मिलिग्रॅम! आज मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्या रुग्णाला जे इंजेक्शन देतात, त्यामागे ही लघवी आहे. अशा माणसाला नुसतं लोह देत बसलात, तर कच्चा माल येऊन पडेल आणि ऑर्डरच नसेल.

आता कारखान्यात, म्हणजे या मज्जेत जाऊ. मोठ्या माणसात तो मणके, छातीचं हाड, बरगड्या, कंबरेचं हाड अशा ठिकाणी असतो. गर्भात आधी हे काम यकृताकडे असतं, हे जाता जाता. एक मूळ पेशी दुभंगत जाते, आठवड्याभरात चार-पाच वेळा. काचपट्टीवर रंग देऊन पाहिलं तर सुरुवातीची पेशी गडद निळी दिसते. मग तिच्यात हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहणारं लोहयुक्त लाल द्रव्य, भरू लागतं, निळ्याचं करडं होतं, करड्याचं गुलाबी. तिकडे केंद्रक, म्हणजे डीएनए सांभाळणारा पेशीचा गाभा, आक्रसत आक्रसत काळा ठिपका होतं, कडेला सरकतं आणि चक्क बाहेर टाकलं जातं. या बाळपेशी एका मोठ्या भक्षक पेशीभोवती पंगतीला बसल्यासारख्या असतात, आणि टाकलेलं केंद्रक ती मधली पेशी गिळून टाकते. कोंबडीच्या, बेडकाच्या तांबड्या पेशीत केंद्रक शेवटपर्यंत राहतं. आपण सस्तन प्राणी ते फेकून देतो.

पुढे मायटोकाँड्रिया, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा बनवणारी पेशीतली केंद्रं, तीही जातात. म्हणजे जन्मभर प्राणवायू वाहणारी ही पेशी स्वतःच्या ऊर्जेसाठी त्यातला कणही वापरत नाही, नुसत्या साखरेवर दिवस काढते. केंद्रक नाही म्हणजे दुरुस्तीही नाही. १२० दिवसांत संपली. म्हणूनच दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी लागतात.

त्यासाठी मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून शोषलं जातं जेमतेम एक ते दोन. बाकीचं येतं म्हाताऱ्या पेशी मोडून. प्लीहा आणि यकृत ते काम करतात. शरीर लोहाच्या बाबतीत महाकंजूष आहे, ते बाहेर टाकायची सोयच त्यानं ठेवलेली नाही. लोह जातं ते मुख्यतः रक्ताबरोबर. त्यामुळे महिन्याला जास्त अंगावरून जाणाऱ्या बाईला मी आधी पाळीबद्दल विचारतो, बीटाबद्दल नंतर. आणि पन्नाशीतल्या पुरुषाचं लोह कमी निघालं, तर गोळ्या देऊन घरी पाठवू नका. रक्त पोटातून, आतड्यातून कुठून गळतंय ते आधी शोधा.

पण लोह भरपूर असूनही गाडी अडते. ही गोष्ट आपल्या मुंबईची आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथं आल्या. परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत काम करत होत्या. गरीब घरांतल्या गरोदर बायकांचं रक्त भयंकर उतरलेलं असे, आणि लोह कमी असताना पेशी लहान होतात, तशा न होता उलट मोठ्या झालेल्या. विल्सबाईंनी त्यांच्या खाण्याचा मागोवा घेतला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टचा स्वस्तातला अर्क, मार्माइट, देऊन पाहिला. बायका सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातलं ते द्रव्य म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये पालकातून वेगळं काढलेल्या याच द्रव्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळालं, आणि १९४५ मध्ये आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं ते प्रयोगशाळेत बनवलं. फोलेट किंवा बी-१२ जीवनसत्त्व नसलं की डीएनए बनायला उशीर होतो. हिमोग्लोबिन भरत राहतं, केंद्रक मागे पडतं, पेशी फुगते पण दुभंगत नाही, आणि कितीतरी पेशी मज्जेतच मरतात. आज आशाताई गरोदर बाईला जी लाल गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, ते याचसाठी.

ती गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या. आणि आठ दिवसांत एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, बघून 'काही फरक नाही' म्हणत डॉक्टर बदलू नका. एचबी सावकाश चढतं. घाईच असेल तर रेटिक काउंट करा. मज्जेतून नुकत्या बाहेर पडलेल्या पेशीत आरएनएचे अवशेष असतात, खास रंगात त्यांची निळी जाळी दिसते. औषध योग्य असेल तर आठवड्याभरात या जाळीवाल्या पेशी एकदम वाढतात. पुढे एचबी बारावर आलं, की बहुतेक जण गोळ्या सोडतात. तेव्हा रक्त भरलेलं असतं, यकृतातला लोहाचा साठा रिकामाच असतो. त्यानंतर निदान तीन महिने तरी गोळ्या चालू ठेवायच्या.